राजीनामा सर्वांत शेवटी: स्थिर नोकरी सोडून पायलट होऊ पाहणाऱ्या इंदूरकरांसाठी

पायलट व्हायचे ठरले की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो नोकरी कधी सोडायची हा. तो प्रश्न थोडा बाजूला ठेवा. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवण्याच्या वाटेवरची निम्मी कामे नोकरी करता करता होतात. ज्या दोन गोष्टींवर सगळे अडू शकते त्या, म्हणजे डोळे-कान-हृदयाची तपासणी आणि लेखी परीक्षा, राजीनाम्याच्या आधीच निकाली काढता येतात. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीतला अभियंता असो, बँकेतला अधिकारी असो की स्वतःची प्रॅक्टिस असलेला सीए, क्रम सगळ्यांसाठी हाच: आधी मेडिकल, मग कागदपत्रे, मग परीक्षा, मग पैसे, आणि त्यानंतर राजीनामा.

वयाचे गणित मात्र सुरुवातीलाच मांडा. सीपीएलसाठी किमान वय १८ आहे आणि एअरलाइनमध्ये ६५ व्या वर्षापर्यंत उडवता येते. आज ३१ वर्षांचे असाल, परवान्याला दोन-अडीच वर्षे आणि नोकरी लागायला आणखी एक वर्ष धरले, तर कॉकपिटमध्ये तीस वर्षे मिळतात. ४२ व्या वर्षी सुरुवात केली तर वीसच्या आसपास, आणि त्यातली पहिली दहा कर्जफेडीत जातात. नवख्यांना घेताना एअरलाइन आपापली वयोमर्यादा जाहिरातीत देतात. अशा चार-पाच जाहिराती काढून स्वतःचे वय त्यांत बसते का ते पाहा. चाळिशी ओलांडलेल्या आणि उडण्याची आवड असलेल्या माणसाला ४० तासांचा खासगी परवाना, म्हणजे पीपीएल, घेऊन नोकरी चालू ठेवणे जास्त शहाणपणाचे, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

मेडिकल: पहिला रुपया इथे

मेडिकलच्या दोन पायऱ्या आहेत. क्लास टू ही डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडे होते आणि विद्यार्थी-वैमानिक परवान्याला ती पुरते. सीपीएलसाठी क्लास वन लागते. ती पहिल्या वेळी वायुसेनेच्या वैद्यकीय तपासणी केंद्रांत, उदाहरणार्थ दिल्ली किंवा बेंगळुरूला, किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांत करावी लागते. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरून जातो आणि तारीख मिळायला वेळ लागतो. क्लास टूवर विसंबून उड्डाणाची फी भरू नका. क्लास टूमध्ये न दिसलेली गोष्ट क्लास वनमध्ये दिसते, आणि तोवर काही लाख भरून झालेले असतात.

या तपासण्यांना जाण्याआधी इंदुरातच दोन गोष्टी करून घ्या. पहिली, नेत्रतज्ज्ञांकडे इशिहारा तक्त्यावर रंगांची पारख. लाल-हिरवा भेद नीट होत नसेल तर तो औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरा होत नाही, आणि हे काही शे रुपयांत कळते. चष्मा हा अडसर नाही. ठरावीक मर्यादेतला नंबर चालतो. मात्र लेसर शस्त्रक्रिया करायचे मनात असेल तर आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांशी बोला, कारण तिच्यानंतर थांबावे लागते आणि शस्त्रक्रियेआधीचा नंबरही विचारला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्त, लघवी, उपाशीपोटी साखर, लिपिड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, सगळे खासगी लॅबमध्ये एकदा. दहा वर्षे खुर्चीत बसून काम केलेल्यांच्या अडचणी ठरलेल्या असतात: १४०/९० च्या वर गेलेला रक्तदाब, वाढलेले वजन, सीमेवरची साखर, मूतखडा किंवा पित्ताशयातले खडे, नाकाचा वाकडा पडदा, कानातला मळ. यांतल्या बहुतेक गोष्टी सुधारता येतात, पण त्यांना महिने लागतात. वैद्यकीय बोर्डासमोर त्या सापडल्या तर 'तात्पुरते अपात्र' असा शेरा मिळतो आणि पुन्हा तारीख घ्यावी लागते. म्हणून तीन-चार महिने आधी वजन उतरवायला लागा, खडा असेल तर काढून घ्या, आणि जाण्याच्या आठवडाभर आधी ईएनटीकडून कान साफ करून घ्या. जुने आजार, शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे लपवू नका. आजारापेक्षा लपवाछपवीने जास्त नुकसान होते.

हे प्रमाणपत्र कायमचे नसते. व्यावसायिक वैमानिकाची क्लास वन साधारणपणे दरवर्षी नवी करावी लागते. म्हणजे पुढची तीस वर्षे तुमचा पगार तुमच्या तब्येतीवर उभा राहणार आहे. आजच्या नोकरीत ही अट नाही. निर्णय घेताना हा फरक पगाराच्या आकड्याइतकाच मोठा धरा.

कागदपत्रे

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण कितीही असले तरी ही अट सुटत नाही. कॉमर्सवाल्यांनी घाबरू नये: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फक्त हे दोन विषय देता येतात. नोकरी सांभाळून सहा महिने ते वर्ष धरा. सीए किंवा बँकेतल्या माणसाने मेडिकलच्या जोडीनेच हा अर्ज करावा, नाहीतर पुढचे सगळे याच्यासाठी खोळंबते.

परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर लागतो, आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी. इथे मराठी घरांत हमखास एक गुंता होतो. मध्य प्रदेश बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नुसते नाव आणि आडनाव असते, पॅनवर किंवा पासपोर्टवर मध्ये वडिलांचे नाव असते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या कागदांवर तिसरेच. पोर्टल अक्षरन् अक्षर जुळवते. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण मानून आधार, पॅन आणि पासपोर्ट त्याप्रमाणे करून घ्या. राजपत्रातून नाव बदलावे लागले तर दोन-तीन महिने सहज जातात.

परीक्षा: नोकरीतल्या संध्याकाळी

लेखी विषय पाच: एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि तुम्ही ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के हवेत. याशिवाय आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलण्याचा परवाना. त्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ती जबाबदारी डीजीसीएकडे आली. त्यामुळे आरटीआरची जुनी टिपणे वापरताना परीक्षेचा आजचा ढाचा पोर्टलवर पाहून घ्या.

रोज दोन तास आणि रविवारी पाच दिले तर नोकरी करणाऱ्याला सात-आठ महिने पुरतात. सुरुवात रेग्युलेशन्स आणि मेटिऑरॉलॉजीने करा. हे दोन सुटले की धीर येतो. नेव्हिगेशनला एकटे तीन महिने द्या. इंजिनिअर मंडळी टेक्निकलमध्ये सहज निघतात आणि रेग्युलेशन्समध्ये अडखळतात, कारण तिथे तर्क चालत नाही. अंतरे, वेळा, दिव्यांचे रंग, कोणी कोणाला वाट द्यायची, हे पाठच असावे लागते. कॉमर्सवाल्यांचे बरोबर उलटे होते.

नेव्हिगेशन आकडेमोडीने घाबरवते, पण त्यातले बरेचसे शाळेच्या भूमितीत बसते. एक-साठचा नियम घ्या: ६० मैल गेल्यावर विमान १ मैल बाजूला सरकले असेल, तर ते मूळ रेषेपासून सुमारे १ अंशाने चुकले. इंदूरहून भोपाळ सरळ रेषेत सुमारे ९० नॉटिकल मैल आहे (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर; पुढे नुसते मैल म्हटले तरी हेच). निम्म्यात, ४५ मैलांवर, तुम्ही ३ मैल डावीकडे गेला आहात असे दिसले, तर चूक ४ अंशांची. उरलेल्या ४५ मैलांत परत रेषेवर यायला आणखी ४ अंश, म्हणजे एकूण ८ अंश उजवीकडे वळायचे. असे प्रश्न कागद न वापरता सुटू लागले की परीक्षेची तयारी झाली असे समजा. तसेही कॉकपिटमध्ये दुसरा हात मोकळा नसतो.

या पेपरांचा निकाल सीपीएलसाठी ५ वर्षे चालतो. म्हणूनच ते नोकरीत असताना देण्यात काही गमवावे लागत नाही. उलट संस्थेत गेल्यावर वर्गासाठी जाणारे महिने वाचतात आणि पहिल्या दिवसापासून उडता येते. पाचही पेपर सुटले नाहीत तोवर राजीनाम्याचा मसुदाही लिहू नये, असे आमचे ठाम मत आहे. पेपर दोनदा-तीनदा अडकले तर नोकरीतल्या माणसाचा वेळ जातो. नोकरी सोडलेल्याचे घर त्यात ओढले जाते.

संस्था निवडताना

सीपीएलसाठी २०० तास लागतात, आणि हे तास किती महिन्यांत होतील यावर सगळा खर्च ठरतो. जाहिरातीतल्या 'बारा महिन्यांत परवाना' याला महत्त्व देऊ नका. संस्थेत जाऊन साधा भागाकार करा. समजा चार विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत आणि प्रत्येक महिन्याला ६० तास उडते. एकूण २४० तास झाले. विद्यार्थी ३० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ८ तास येतात, आणि २०० तासांना २५ महिने लागतात. हँगरमध्ये किती विमाने उभी आहेत ते मोजू नका. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती उडाली, किती इंजिने ओव्हरहॉलला गेली आहेत, शिक्षक किती आणि त्यांतले किती नुकतेच सोडून गेले, हे विचारा. आत्ता शंभर-दीडशे तासांवर असलेल्या विद्यार्थ्यांना चहाला बाहेर न्या आणि त्यांची लॉगबुके, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, पाहा. तारखांमधली भोके खरे काय ते सांगतात. डीजीसीए आता प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करते, तीही पाहा, पण हा भागाकार तिच्या आधी.

इंदुरात मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे, राज्यात सागरजवळ ढाना आणि खजुराहोला प्रशिक्षण चालते, वडोदऱ्याला गुजरात फ्लाइंग क्लब आहे, आणि महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर ही नावे येतात. घरून जाऊन-येऊन शिकता येणे ही फार मोठी बचत आहे. पण मोठ्या विमानतळाचा एक तोटाही असतो: एअरलाइनची विमाने आली की शिकाऊ विमानाला थांबवून ठेवतात, आणि इंजिन चालू असले तर तो वेळ तुमच्या पैशांनी जातो. उलट लहान धावपट्टीवर गर्दी नसते, पण रात्रीचे दिवे नसले तर रात्रीच्या तासांसाठी दुसरीकडे पाठवतात. तुम्ही निवडलेली संस्था रात्रीचे उड्डाण कुठे आणि किती दिवसांत करून देते हे लेखी घ्या.

माळव्यातले हवामान धरून वेळापत्रक आखा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुके, मे-जूनमध्ये दुपारनंतर वादळी ढग, जुलै ते सप्टेंबर खालचे ढग. ऑक्टोबरला सुरुवात करणाऱ्याला लागोपाठ चांगले महिने मिळतात. जूनमध्ये रुजू होणारा पहिले तीन महिने बहुतेक जमिनीवरच काढतो.

उन्हाळ्याची गोष्ट थोडी समजून घ्या, कारण ती परीक्षेतही येते आणि विमानातही. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी धरलेल्या ठरावीक हवेत, या उंचीवर तापमान साधारण ११ अंश असते. मे महिन्यात ते ४० असेल तर २९ अंशांचा फरक, आणि दर अंशाला १२० फूट धरले की विमानतळाच्या उंचीत जवळपास ३,५०० फूट वाढतात. विमानाला वाटते आपण ५,३०० फुटांवर आहोत. हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद कमी, पंख्याचा ओढा कमी आणि पंखांची उचलही कमी. दोन माणसे आणि भरलेली टाकी घेऊन निघालेले छोटे सेस्ना धावपट्टीचा जास्त भाग खाते आणि सावकाश चढते. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे स्लॉट मागा.

२०० तासांत काय काय

या २०० तासांतले किमान १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख, म्हणजे पीआयसी, म्हणून हवेत, आणि त्यांतले १५ अर्ज करण्याआधीच्या ६ महिन्यांतले. पीआयसी म्हणून २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे आखलेल्या मार्गाने लांबचे उड्डाण, १० तास केवळ उपकरणांवर (त्यांतले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर), आणि ५ तास रात्रीचे, ज्यांत एकट्याने १० उड्डाणे आणि १० अवतरणे. शिवाय एक लांब सफर किमान ३०० नॉटिकल मैलांची, तीत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचे.

या शेवटच्या अटीत लोक फसतात. इंदूरहून वडोदरा आणि परत हे सरळ रेषेत सुमारे २९० मैल भरते, आणि दुसरा विमानतळही एकच होतो. म्हणजे अट दोन्ही बाजूंनी तुटते. इंदूर–जळगाव–छत्रपती संभाजीनगर–इंदूर हा त्रिकोण साधारण १०६, ६७ आणि १७३, म्हणजे ३४५ मैलांच्या आसपास जातो आणि अट पुरी होते. रस्ता आखताना दहा-पंधरा टक्के जास्तच ठेवा.

आयआर, म्हणजे उपकरणांवर उडण्याचे मानांकन, एअरलाइनला लागतेच. त्यासाठी पीआयसी म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री आणि ४० तास उपकरणांवर हवेत, त्यांतले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. म्हणून पहिल्यापासून क्रॉस-कंट्रीचे तास त्याच हिशेबाने लावा. नाहीतर २०० तास भरतात आणि आयआरसाठी वेगळे पैसे मोजून उडावे लागते. दोन इंजिनांच्या विमानाचे तास पॅकेजमध्ये किती, हेही आधीच विचारा. ते सर्वांत महाग असतात.

मग परीक्षकांसोबतची उड्डाणे: दिवसाची आणि रात्रीची सर्वसाधारण चाचणी, दिवसा २५० मैलांची आणि रात्री १२० मैलांची क्रॉस-कंट्री. सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो इथे. रात्रीची अवतरणे, पीआयसीचे १५ तास आणि या चाचण्या अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांत बसायला हव्यात. कोणी रात्रीचे तास लवकर उरकतो, मग विमान दोन महिने दुरुस्तीत, मग पावसाळा, आणि बाकीचे पुरे होईपर्यंत रात्रीची मुदत टळलेली असते. ते तास पुन्हा, स्वतःच्या खर्चाने. म्हणून १५० तासांच्या पुढे गेल्यावर कॅलेंडर काढून अर्जाच्या तारखेपासून मागे मोजत जा, आणि मुदतीची कामे शेवटच्या चार महिन्यांत एकत्र बांधा. लॉगबुकवर शिक्षकांची सही त्याच दिवशी घ्या. शिक्षक संस्था सोडून गेले की एका सहीसाठी गावोगाव हिंडावे लागते.

पैसा आणि राजीनामा

भारतात सीपीएलचा खर्च साधारण ४५ ते ६० लाख रुपये येतो. त्यानंतर विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, उदाहरणार्थ एअरबस ए३२०, साधारण १२ ते २० लाख. संस्थेच्या आकड्यात काय धरलेले नाही ते एकेक करून विचारा: परीक्षकांची फी, चाचण्यांसाठीचे विमानाचे तास, लँडिंग शुल्क, जीएसटी, वसतिगृह, २०० च्या वरचे तास, इंधन महागले तर वाढ. सगळी फी एकरकमी भरून सवलत घेऊ नका. २५-२५ तासांचे हप्ते आणि न उडालेल्या तासांचा परतावा करारात लिहून घ्या. संस्था अडचणीत आली तर आगाऊ भरलेली रक्कम सहसा सर्वांत शेवटी निघते.

कर्जाचा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडा. ५० लाख, ११ टक्के, १० वर्षे म्हणजे महिन्याला सुमारे ६९,००० रुपयांचा हप्ता. शिकतानाच्या दोन वर्षांत व्याज भरले नाही तर ते मुद्दलात मिसळते. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली तर ते ११ लाखांपर्यंत जाते, म्हणून बँकेकडून हप्त्याहप्त्याने उचल घ्या. लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातले घर आई-बाबांच्या किंवा भावांच्याही नावावर असेल तर तारणासाठी त्या सगळ्यांच्या सह्या लागतात. तो विषय कागद तयार झाल्यावर काढू नका. फॉर्म घेऊन समोर बसायच्या आधी सहा महिने मोकळेपणाने बोला, आणि नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार हे त्याच बैठकीत ठरवा.

घरखर्चाची रक्कम फीच्या वेगळी हवी, आणि ती ३६ महिन्यांची: दोन वर्षे प्रशिक्षण, एक वर्ष वाट पाहणे. ती साठली नसेल तर आणखी वर्षभर नोकरी करा.

कंपनीची आरोग्य विमा पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते, म्हणून स्वतःची कौटुंबिक पॉलिसी काही महिने आधी घ्या. पाच वर्षांची सेवा पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा. वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. सरकारी किंवा बँकेतल्या नोकरीत ती शक्यता असते. राजीनामा दिलाच तर अनुभव प्रमाणपत्र, फॉर्म १६ आणि वरिष्ठांचा स्नेह घेऊन बाहेर पडा, आणि व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व चालू ठेवा. नव्वद दिवसांचा नोटीस काळ धरून तारीख अशी लावा की शेवटचा दिवस सप्टेंबरअखेर येईल आणि ऑक्टोबरला तुम्ही विमानात असाल.

त्याआधी एक गोष्ट नक्की करा: विद्यार्थी परवाना काढून, पंधरा दिवसांची रजा टाकून पाच-सात तास शिक्षकांबरोबर उडा. काहींना हवेत सतत मळमळते, काहींना सूचना ऐकत हाताने काम करणे फार जड जाते. बरेचसे सवयीने सुटते, पण ते पगार चालू असतानाच कळलेले बरे.

परवाना हातात आल्यावर

लगेच टाइप रेटिंगला पैसे भरू नका. कोणत्या एअरलाइन सध्या कोणत्या विमानासाठी माणसे घेत आहेत ते पाहून भरा. ए३२० चे रेटिंग घेऊन बसलात आणि जागा एटीआर या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाच्या निघाल्या तर पंधरा लाख अडकतात. निवडीत लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक चाचणी, सिम्युलेटर आणि मुलाखत असते. मुलाखतीत चांगली नोकरी का सोडली हा प्रश्न येणारच. दहा वर्षांच्या कामातून तुम्ही पाळीत काम करणे, चूक वेळीच कबूल करणे, प्रक्रिया पाळणे हे काय शिकलात ते उदाहरणासह सांगता आले पाहिजे.

वाट पाहण्याच्या काळात तीन तारखा भिंतीवर लिहून ठेवा: क्लास वन कधी संपते, आयआरची वार्षिक चाचणी कधी आहे, आणि शेवटचे उड्डाण कधी झाले. जाहिरात येते तेव्हा अर्जाला आठ-दहा दिवस मिळतात, आणि संपलेली आयआर तेवढ्यात नवी होत नाही. तिच्यासाठी आणि अधूनमधून उडण्यासाठी दोन-तीन लाख बाजूला ठेवा. ती रक्कम घरखर्चात मिसळू नका.